ओळख नसताना कोर्टात शिरायचं कसं?

प्रश्न : मॅडम, मी बार्शीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. पदवीनंतर एलएलबी करायचा विचार आहे. आमच्या घरात काय, भावकीतही कुणी वकील नाही. वडील म्हणतात, वकिली ही वकिलांच्या पोरांनी करावी. कॉलेजवाले इंटर्नशिपसाठी मागे लागलेत, पण कुणाकडे जायचं तेच कळत नाही. आणि खरं सांगायचं तर मला एक वेगळीच उत्सुकता आहे. वकिलाकडे शिकायला गेलेली मुलं दिवसभर करतात तरी काय? मी मराठी माध्यमातली आहे, हेही सांगून ठेवते.

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो सुटला की बाकीचे निम्मे सुटतात.

पहिले आठ-पंधरा दिवस मुलं मुख्यतः फायली उचलतात आणि उभी राहतात. सकाळी कोर्टात बोर्ड लागतो, म्हणजे त्या दिवशी कुठल्या कोर्टात कुठली प्रकरणं कितव्या नंबरला आहेत त्याची यादी. सीनियरची चार कामं चार कोर्टांत असतात आणि आधी कुठल्या कामाचा पुकारा होईल याचा काही नेम नसतो. म्हणून नव्या मुलीला एका कोर्टात बसवून ठेवतात : 'आपला नंबर जवळ आला की बाहेर येऊन सांग.' तिथं बसल्या बसल्या तिच्या कानावर त्या जगाची भाषा पडू लागते. मुदतीचा अर्ज, आरोपीच्या हजेरी माफीचा अर्ज, 'पुरावा संपला' अशी पुरसीस, निशाणी पाचवरचा हुकूम. कुठल्या अर्जाला किती रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, नकलेचा अर्ज कुठल्या खिडकीत द्यायचा, बेलीफ समन्स घेऊन केव्हा निघतो, हे कुठल्याही पुस्तकात नीट सापडत नाही. आणि हे न येणारा सुवर्णपदकवाला पहिल्या वर्षी ज्युनियर म्हणून फारसा कामाचा नसतो.

एवढं अंगवळणी पडलं की खरं काम हाती येतं. माझ्या मते शिकाऊ माणसाला देण्यासारखं सगळ्यांत चांगलं काम म्हणजे तारखांची यादी. सीनियर अडीचशे पानांची फाईल समोर टाकतात आणि म्हणतात, काय केव्हा घडलं ते दोन पानांत लिहून आण. कारकुनी वाटतं. एक काल्पनिक उदाहरण घेऊ, पण असले दावे तुझ्या तालुक्यात ढिगाने सापडतील.

बहिणीने दोन भावांविरुद्ध जमिनीच्या वाटपाचा दावा लावलाय. फाईलमध्ये सात-बारा, फेरफार, वारस नोंद, लग्नपत्रिका, मृत्यूचा दाखला असं सगळं कालवलेलं आहे. तू यादी करतेस. बहिणीचं लग्न १९९१. भाऊ म्हणतात, १९९६ साली तोंडी वाटप होऊन गेलं. वडील वारले २००३ मध्ये. वाटपाचा फेरफार पडलाय २००७ मध्ये. झाली यादी. आता शेजारी कायद्याच्या तारखा मांड. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीने सहदायिक केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. म्हणजे ही बाई त्यात बसत नाही. पुढे हिंदू उत्तराधिकार कायद्यातली केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली आणि तिने विवाहित-अविवाहित हा भेद ठेवला नाही. भावांचे वकील म्हणणार, वडील त्याआधीच वारले, मग हक्क कसला? यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल होते. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. मग भावांच्या हातात उरलं काय? २० डिसेंबर २००४ पूर्वी वाटप झालं असेल तर कायदा त्याला हात लावत नाही, एवढंच. पण ते नोंदणीकृत हवं किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेलं हवं. तोंडी वाटप कोर्ट सहसा धरत नाही. अपवाद म्हणून धरायचं तर त्याला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो. आणि इथला फेरफार २००७ चा!

ज्या मुलीने ती २००७ ची तारीख पाहून सीनियरकडे नुसतं बोट दाखवलं, तिने त्या दिवशी वकिलीचं काम केलं. मुंबईतल्या मोठ्या फर्ममध्ये कंपन्यांचे करार तपासणारी मुलं याहून फार वेगळं करत नाहीत. त्यांचे कागद गुळगुळीत असतात इतकंच.

आता जायचं कुणाकडे. बार्शीत दिवाणी-फौजदारी न्यायालयं आहेत, जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालयही आहे. कोर्ट हे उघडं असतं. कौटुंबिक वाद, लैंगिक अत्याचाराचे खटले अशी बंद दाराआड चालणारी प्रकरणं सोडली तर मागच्या बाकावर बसून कामकाज ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही. मोबाईल बंद ठेव आणि आठवडाभर नुसतं बस. उलटतपास चालू असेल ते कोर्ट गाठ. कोण वकील कमी बोलतो आणि मुद्द्याचं बोलतो, कुणाची फाईल जागच्या जागी उघडते, साक्षीदाराशी कोण माणसासारखं वागतं, हे कायदा न शिकलेल्या माणसालाही दिसतं. आणखी एक बघ. कुणाचे ज्युनियर स्वतः उभे राहून दोन वाक्यं बोलतात आणि कुणाचे वर्षानुवर्षं फक्त बॅग धरतात. पहिल्या प्रकारच्या वकिलाचं नाव लिहून घे.

मग सकाळी कोर्टाच्या घाईत नको, संध्याकाळी सहानंतर त्यांच्या ऑफिसात जा. पक्षकार बसलेले असतील तर थांब. आपण कोण, काय शिकतो, किती आठवडे येऊ शकतो आणि रोज किती ते किती, एवढं सांग. 'अमुक तारखेचा तुमचा उलटतपास मी मागे बसून ऐकला' हे वाक्य खरं असेल तर जरूर बोल. त्याने जेवढं काम होतं तेवढं कुणाच्या चिठ्ठीने होत नाही. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जा. नाही म्हणणाऱ्यालाही नमस्कार करून निघ, उद्या त्याच बार रूममध्ये बसायचं आहे. महिला वकिलाकडेच शिकायला मिळालं तर घरच्यांना बरं वाटेल असं असेल तर तेही मोकळेपणाने विचार, यात कमीपणा नाही.

दुसरी वाट विधी सेवेची. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तिथं अर्ज लिहून द्यायला, लोकअदालतीच्या दिवशी माणसांना योग्य टेबलापर्यंत न्यायला हात कमीच पडतात. तिथे विधी स्वयंसेवकही नेमतात. पोटगीचा अर्ज घेऊन आलेल्या बाईचं म्हणणं नीट ऐकून एका पानात उतरवणं जमलं, की समज बरंच काही जमलं.

तुझ्या कॉलेजच्या इंटर्नशिपसाठी यातलं काय चालेल हे प्राध्यापकांना आधी विचारून घे. मात्र पुढे लॉ कॉलेजात गेल्यावर हे दिवस धरले जाणार नाहीत. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवड्यांची इंटर्नशिप वेगळी करावीच लागते, तीही एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. त्यात खालच्या कोर्टात आणि अपिलाच्या कोर्टात काम करणाऱ्या वकिलाकडे एकदा तरी जायलाच हवं असा नियम आहे. बरीच मुलं तो कागदावरच पाळतात.

वडिलांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. वकिलाच्या मुलाला ऑफिस आयतं मिळतं, पुस्तकांची कपाटं मिळतात, पहिला पक्षकारही बापाच्या ओळखीने येतो. सर्वोच्च न्यायालयातून २०२५ मध्ये निवृत्त झालेल्या न्यायमूर्ती अभय ओक यांनीही सुरुवात वडिलांच्याच चेंबरमधून केली. पण ते चेंबर होतं ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, हेही वडिलांना सांग. ज्यांना घरचं चेंबर नाही त्यांना दुसऱ्याच्या चेंबरमध्ये तीन-चार वर्षं जास्त घालवावी लागतात, फरक तेवढा. त्या वर्षांत पैसा जेमतेम असतो. ज्युनियर वकिलांना शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार तरी द्यावेत असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सुचवलं. सुचवलं, सक्ती केली नाही. तालुक्याच्या गावी इतके देणारा सीनियर भेटला तर त्याला सोडू नकोस. घरी हा हिशेब आत्ताच मांडावा, नंतर कटकट होत नाही.

माध्यमाबद्दल. महाराष्ट्रात जिल्हा व त्याखालच्या न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ ची आहे. दावे, कैफियती, जबाब मराठीत चालतात. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज मात्र राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमामुळे इंग्रजीत. त्यामुळे इंग्रजी टाळून चालणार नाही, याबाबतीत तुला खोटा धीर देणार नाही. पण उलट बाजूही बघ. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ (सर्किट बेंच) कोल्हापुरात बसू लागलं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याखाली येतो. बार्शीच्या कोर्टातलं मराठी दप्तर तिथं जाणार ते इंग्रजी भाषांतर होऊनच. १९५२ सालचा जीर्ण फेरफार वाचून त्याचा अर्थ इंग्रजीत सांगू शकणारा ज्युनियर तिथं लागतो. आठवड्याला एक निकाल वाच. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्यांच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट आहेत, अनेकांची मराठी भाषांतरंही आहेत. आधी मराठी, मग इंग्रजी, असं वाचलंस तरी चालेल.

प्रवेशाचं थोडक्यात, कारण ती माहिती कुठेही मिळते. बी.ए. सोडून पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला उडी मारू नकोस. पदवीत खुल्या वर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. शेवटच्या वर्षात असतानाच राज्याची तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी देता येते. प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. महाडीबीटीवर मुलींसाठीची शुल्कमाफी आणि इतर शिष्यवृत्त्या तुला लागू होतात का, हे कॉलेज निवडण्याआधी तपास, नंतर नव्हे.

प्रश्न : पुण्यात बी.कॉम.ला आहे. कॉर्पोरेट लॉमध्ये जायचं आहे. मोठ्या लॉ फर्म फक्त नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीचीच मुलं घेतात हे खरं का? ऑनलाइन इंटर्नशिपच्या जाहिराती येतात, दोन-तीन हजार भरले की सर्टिफिकेट देतात. करू का?

उत्तर : दुसऱ्याचं आधी. पैसे भरून मिळणारी इंटर्नशिप करू नका. काम करणाऱ्याने काम शिकवणाऱ्याला पैसे द्यायचे ही चाल वकिलीत नवी आहे आणि वाईट आहे. ज्याच्यासाठी ते सर्टिफिकेट मिळवायचं, तो भरती करणारा माणूस ते वाचतसुद्धा नाही. मुलाखतीत तो विचारणार, तिथं तुम्ही काय लिहिलंत? त्याला उत्तर असेल असंच काम निवडा.

पहिल्याचं उत्तर : बहुतांशी खरं आहे. मोठ्या फर्म कॅम्पसवर जातात त्या मुख्यतः राष्ट्रीय विधी विद्यापीठांत. तिथला पाच वर्षांचा प्रवेश क्लॅटमधून, बारावीनंतर. तुमची ती गाडी गेली. पण बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांची एलएलबी सुरू केली आहे, तिची प्रवेश परीक्षा वेगळी असते. दिल्ली विद्यापीठाची एलएलबी सीयूईटी-पीजीमधून मिळते. आणि घरच्या घरी म्हणाल तर १८५५ चं मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज आणि १९२४ चं पुण्याचं आयएलएस आहेच. पहिल्याचा मोठा फायदा शिक्षणाइतकाच जागेचा : चर्चगेटला कॉलेज, चालत जाण्याच्या अंतरावर उच्च न्यायालय आणि फोर्टमधली ऑफिसं. तिथली मुलं वर्षभर सकाळचं कॉलेज उरकून दुपारी कामाला जातात. दुसऱ्या गावाहून महिनाभरासाठी येणाऱ्या मुलाला ही बरोबरी जमत नाही.

बी.कॉम. मात्र तुमच्या बाजूने आहे. ताळेबंद वाचता येणारा लॉचा विद्यार्थी दुर्मीळ. पदवी होईपर्यंत एखाद्या कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात सुट्टी घालवा. संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त, कंपनी निबंधकाकडे भरायचे फॉर्म, भागधारकांची नोंदवही, हे तिथं रोजचं असतं. फर्मना मेल पाठवाल तेव्हा तीन-चार महिने आधी पाठवा, कुठले आठवडे मोकळे आहेत ते लिहा, आणि मजकूर दहा ओळींच्या आत ठेवा. त्या ओळींत 'लहानपणापासून न्यायाची आवड' नको.

प्रश्न : वय ३८. अकोल्यात पतसंस्थेत नोकरी. मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. आता वकील होता येईल का, नोकरी सांभाळून?

उत्तर : वयाची अडचण नाही, राज्याच्या सीईटीला कमाल मर्यादा नाही. मुक्त विद्यापीठाचं म्हणाल तर तुम्ही बारावी होऊन बी.ए. केलं असेल तर ठीक. बारावी न होता थेट पदवीला प्रवेश घेतला असेल तर बार कौन्सिलच्या नियमात ती पदवी एलएलबीसाठी चालत नाही. यात पैसे भरल्यानंतर अडकलेली माणसं पाहिली आहेत, म्हणून आधी कागद काढून बघा.

नोकरी सांभाळून हा खरा पेच. एलएलबी पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने होत नाही. अशी पदवी कुणी विकत असेल तर तिच्यावर सनद मिळणार नाही. वर्गात ७० टक्के हजेरीचा नियम आहे. काही कॉलेजांत सकाळच्या तुकड्या असतात, त्या तुमच्या वेळेत बसतात का ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. 'हजेरीचं आम्ही बघून घेऊ' म्हणणारं कॉलेज मिळेलही, पण मग तुम्ही तिथून शिकून काय बाहेर पडणार? आणि सनद घेतल्यावर पगारी नोकरी आणि वकिली दोन्ही एकत्र करता येत नाहीत. म्हणजे नोकरी कधी सोडायची, हा प्रश्न फक्त तीन वर्षं पुढे जातो.

प्रश्न : मी फोंड्याचा. गोव्यात कायदा शिकलो तर वकिली गोव्यातच करावी लागेल का?

उत्तर : नाही. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच आहे. शिवाय वकील कायद्याचं ३० वं कलम १५ जून २०११ पासून लागू झाल्यावर सनदधारकाला देशात कुठेही उभं राहता येतं. पण घाईने गोवा सोडू नका. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या वारशातली मिळकतीची वाटणी, नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता, वारसांमधली इन्व्हेंटरीची कारवाई हे तिथल्या कोर्टात जसं बघायला मिळतं तसं सिंधुदुर्गातही मिळणार नाही. मुंबईचे वकील त्यासाठी गोव्याच्या वकिलाला फोन करतात.

प्रश्न : एलएलबी झाल्या झाल्या न्यायाधीशाची परीक्षा देता येते असं सर सांगायचे. आता येत नाही म्हणतात. नक्की काय?

उत्तर : सर सांगायचे ते तेव्हा बरोबर होतं. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या भरतीसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही त्यात धरलं जातं. दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचं शिक्कामोर्तब लागतं. त्यामुळे सनद कपाटात ठेवून तीन वर्षं क्लासला बसायचं, ही युक्ती चालणार नाही. मला स्वतःला ही अट रास्त वाटते. ज्याने कधी पक्षकाराला 'पुढची तारीख पडली' हे सांगितलेलं नाही, त्याने तारीख देण्याच्या खुर्चीवर बसू नये. मुलींचं मात्र यात नुकसान होणार, हेही दिसतं. लग्नाचा तगादा लावणारे घरचे परीक्षेसाठी एक-दोन वर्षं थांबतात, बिनपगारी तीन वर्षांसाठी थांबतील की नाही, सांगवत नाही.

कामाची गोष्ट ही की तीन वर्षं मोजतात ती तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून, ऑल इंडिया बार परीक्षा पास झाल्यापासून नाही. ती परीक्षा नंतर दोन वर्षांच्या आत द्यायची असते, मराठीतूनही देता येते आणि नुसतं कायद्याचं मूळ पुस्तक जवळ ठेवायला परवानगी असते. नोंदणी शुल्काच्या नावाखाली हजारो रुपये घेणं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बंद केलं : खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५, मुद्रांकाचा खर्च वेगळा. पैसे जमेपर्यंत सनद लांबवण्याचं कारण आता उरलेलं नाही. निकाल लागला की त्याच महिन्यात अर्ज टाका.